दहा तारखेची प्लेट

ठिपका आठ शतांश मिलिमीटर रुंद होता आणि गोल होता. ज्ञानदानं तो आडवा मोजला, उभा मोजला, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू मागे फिरवून पुन्हा पुढे आणला आणि तिसऱ्यांदा मोजला. आकडा हलला नाही. काचेवरचे बाकीचे ठिपके मात्र लांबट होते, एकूण एक. रुंदीला नऊ, लांबीला बारा-तेरा, आणि सगळे पूर्व-पश्चिम पडलेले, कुणी तांदळाचे दाणे एका रेघेत निवडून ठेवावेत तसे.

"सांग की आता," निजामचाचा म्हणाले. "डाग हाय का न्हाई?"

"अजून सांगता येत नाही, चाचा."

"सकाळधरनं त्येच ऐकतोय."

"सकाळपासून तेच खरं आहे."

चाचा हसले नाहीत, पण चहाचा कप त्यांनी तिच्या हाताजवळ सरकवला. मेजापासून मात्र दूर, सांडला तरी काचेवर जाणार नाही इतका.

१९९८ सालच्या फेब्रुवारीची पंधरा तारीख, रविवार. सांगलीच्या खणभागात पुढे स्टुडिओ आणि मागे घर असलेल्या त्या जागेत, ज्या उतरत्या मेजावर चाचांनी चाळीस वर्षं फोटोतल्या नवरदेवांच्या चेहऱ्यांवरचे देवीचे वण पेन्सिलीनं बुजवले, त्याच मेजावर ज्ञानदानं सूक्ष्मदर्शक मांडला होता. ती सांगलीतच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. यंत्र प्रयोगशाळेतलं. ते शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तिनं रिक्षातून आणलं होतं. कारण प्लेट उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हे चाचांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

प्लेट म्हणजे काचेवरची निगेटिव्ह. आकाश पांढरं, तारे काळे. अशा चारशे बारा प्लेटा मागच्या डार्करूममध्ये लाकडी खोक्यांत उभ्या लावलेल्या होत्या, प्रत्येक आपापल्या खाकी पाकिटात, आणि पाकिटावर चाचांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख आणि वेळ. मेजावरच्या पाकिटावर लिहिलं होतं: १० फेब्रुवारी १९७८, रात्री ११.१५ ते १२.

पुण्याच्या एका संस्थेला या सगळ्या प्लेटा हव्या होत्या. आकाशात कधीही, कुठेही, काही सेकंदांपुरता एक प्रचंड स्फोट होतो. उपग्रहांना त्याचे गॅमा किरण सापडतात, ही गोष्ट जुनी झाली होती. त्या स्फोटामागे उरलेला साधा, दिसणारा उजेड मात्र गेल्याच वर्षी पहिल्यांदा दुर्बिणींच्या हाती लागला होता. मग पूर्वी कुणी रोज रात्री आकाशाचे फोटो काढत असेल, तर त्यातही असा एखादा उजेड कुणाच्या ध्यानी न येता पडून राहिला असेल, नाही का? अशा प्लेटांचा शोध सुरू झाला तेव्हा ज्ञानदानंच संस्थेला चाचांचा पत्ता कळवला. संस्थेचं पत्र येऊन आठ महिने झाले. ते खणात होतं. उत्तर गेलं नव्हतं.

"खराब माल मी कवा कुनाला दिला न्हाई," चाचा म्हणायचे. "आदी कळू दे, माझी प्लेट डागी हाय का. मग बघू."

आता बघायलाही वेळ उरला नव्हता. मुलगा शाहनवाज स्टुडिओत रंगीत फोटो छापायचं मशीन आणत होता आणि त्याला डार्करूमची खोली हवी होती. कुपवाडात फ्रेमा बनवणारा एक कारखानदार प्लेटा न्यायला तयार होता. गरम पाण्यात सोडा टाकून काच बुडवली की वरचा थर सुटतो आणि खाली स्वच्छ, सरळ, जुनी काच राहते. मंगळवारी त्याचा टेम्पो येणार होता.

"ताई, मी काय दुश्मन न्हाई त्या काचांचा," शाहनवाज दारात उभा राहून म्हणाला. "दोन वर्षं झाली अब्बांना विचारतोय, ठेवायच्या का द्यायच्या. व्हय म्हणत न्हाईत, न्हाईबी म्हणत न्हाईत. मशीन बुधवारी येतंय. ते काय गॅलरीत ठेवू?"

त्यात खोटं काही नव्हतं. ज्ञानदा पुन्हा भिंगाकडे वळली.

तो ठिपका गोल का, हे तिला कळत होतं. चाचांचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरत राहावा म्हणून कुपवाडातल्या एका फिटरनं गजराच्या घड्याळाची चाकं बसवून दिली होती. ते यंत्र किंचित मागे पडायचं. पाऊण तास उघड्या राहिलेल्या प्लेटवर त्यामुळे प्रत्येक तारा थोडा ओढला गेला होता. जो उजेड पाऊण तास होताच मुळी नाही, आला आणि गेला, तो ओढला जाणार नाही. तो गोलच उमटेल. हे झालं एक. दुसरं असं की प्लेट धुण्याच्या औषधाचा डागही गोल असू शकतो. पण डागाला चांदीचे काळे कण नसतात आणि या ठिपक्याला होते, कडेकडेला विरळ होत गेलेले, अगदी ताऱ्याला असतात तसे. पण प्लेटवर नखाचा दाब पडला तरी कण काळे पडतात. एकटी काच यापुढे काही सांगणार नव्हती. दुसरा साक्षीदार हवा होता.

दुसरा साक्षीदार होता, आणि सगळी अडचण तीच होती. तो ज्ञानदाचा बाप होता.

गोपाळकृष्ण मास्तर औंधच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पंच्याहत्तर साली ते शाळेचा ग्रुप फोटो काढायला निजाम फोटोग्राफरला घेऊन गेले आणि संध्याकाळी दोघं यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसले, ते तारे उगवेपर्यंत उठलेच नाहीत. त्या दिवशी ठरलं. दर महिन्याला मास्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे की या पंधरवड्यात आकाशाचा अमुक तुकडा. चांदणं नसलेल्या प्रत्येक निरभ्र रात्री औंधला मास्तर त्या तुकड्याकडे डोळ्यांनी बघायचे आणि वहीत नोंद करायचे. सांगलीत निजाम गच्चीवरून त्याचीच प्लेट काढायचे. नवा तारा दिसला, तर एकाच्या डोळ्यावर किंवा एकाच्या काचेवर विसंबायला नको. तीन हिवाळे हे चाललं.

मग अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत मास्तरांचं कार्ड आलं: नऊ तारखेला रात्री अकरा बेचाळीसला मघा नक्षत्राजवळ एक तेजस्वी ठिणगी दिसली. नऊची प्लेट बघा. निजामनी नऊची प्लेट धुऊन पाहिली. काही नाही. दहाच्या प्लेटवर मात्र मघाजवळ एक ठिपका होता. त्यांनी तसं कळवलं. मास्तरांचं उत्तर चार ओळींचं होतं. दहाला आकाश स्वच्छ होतं, मी पूर्ण वेळ बघत होतो, तिथे काहीही नव्हतं. तेव्हा नऊची ठिणगी हा माझ्या डोळ्यांचा भ्रम समजतो. आणि आपली दहाची प्लेट धुताना डागाळली असावी.

मास्तरांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं, पण ते निजामना दिसलंच नाही. त्यांना शेवटचे दोन शब्द दिसले. सांगली-मिरजेतले फोटोवाले ज्यांच्याकडे प्लेट धुवायला शिकायला यायचे, त्यांना कुणी डागाळली म्हणायचं! त्यानंतर कार्ड नाही, येणंजाणं नाही. ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ तेवढा चालू राहिला, तोही ज्ञानदाच्या हातून.

सहा वाजून गेले. ज्ञानदानं आकडे वहीत उतरवले आणि पाठ सरळ केली. ठिपका मघाच्या मुख्य ताऱ्यापासून दोन पूर्णांक एक अंश दूर होता, वायव्येला. तेवढंच हाती लागलं होतं. पलीकडच्या मशिदीतून मगरिबची अजान झाली, चाचा टोपी घालून गेले. ती सूक्ष्मदर्शक पुसत बसली.

थोड्या वेळानं आतल्या खोलीत नमाज आटोपून, जानमाजची चटई गुंडाळून ठेवून रहिमतबी बाहेर आल्या. निजामचाचांच्या पत्नी, ज्ञानदाला लहानपणापासून लाडानं ओरडणाऱ्या. त्या डार्करूमच्या दाराशी गेल्या, तिथे टांगलेल्या कॅलेंडरचं पान फाडलं, चुरगाळलं आणि चुलीजवळच्या टोपलीत टाकलं. कॅलेंडरवर आता मोठ्या लाल-काळ्या आकड्यात सोळा होता.

"चाची," ज्ञानदा म्हणाली, "आज पंधरा आहे."

"हुती," रहिमतबी म्हणाल्या. "मगरिब झाली की. आता उद्याची लागली."

"रोज संध्याकाळीच फाडता?"

"मग कवा फाडू? सकाळी मला चार कामं असत्यात. आमच्या अम्मीबी असंच करायच्या. दिवस मावळला की तारीख फिरती, बेटी. म्हनून तर बेस्तरवारच्या रातीला आमी जुम्मेरात म्हनतो. तुमच्यात सूर्य उगवला की फिरती, सरकारची अर्ध्या रातीला. ज्याचं त्याला बरोबर."

ज्ञानदानं हातातलं फडकं खाली ठेवलं. तिचा चेहरा फारसा बदलला नाही. तिचा कधीच बदलत नसे. तिनं फक्त विचारलं, "चाचा प्लेटांवर तारीख कुठून लिहायचे?"

"कुठून म्हंजे? हितनंच. ह्या खिळ्याला कॅलेंडर हाय माझं लगीन झाल्यापास्नं. अंधाऱ्या खोलीत शिरायच्या आदी बघायचे आन् लिवायचे."

दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पावत्या दिवसाउजेडी व्हायच्या. त्यांच्या तारखा कधी चुकल्या नव्हत्या. चुकणार त्या रात्रीच्या, आणि रात्रीचं एकच काम चाचा करायचे.

तरी हा नुसता तर्क होता. ज्ञानदाला आकाशातली अशी एखादी गोष्ट हवी होती की जिची रात्र कुणालाही बदलता येणार नाही. चाचा परत आले तेव्हा ती खोक्यापुढे मांडी घालून पाकिटं चाळत होती.

"चाचा, होळीच्या रात्री खग्रास ग्रहण झालं होतं. मी आठवीत होते. होळी पेटली आणि वर चंद्र तांबडा झाला."

"झालंतं की. त्याची प्लेट हाय. माझी शेवटची त्यीच."

ती सगळ्यात मागे सापडली. काचेवर चंद्राची कोर अंधारात शिरताना स्पष्ट दिसत होती. ग्रहण चोवीस मार्चच्या संध्याकाळी झालं, शुक्रवारी; धुळवड दुसऱ्या दिवशी. हे पंचांगात होतं, वर्तमानपत्रात होतं, साऱ्या गावाच्या डोक्यात होतं. पाकिटावर होतं: २५ मार्च १९७८, रात्री ९.

ज्ञानदानं ते पाकीट बराच वेळ हातात धरलं. मग ती उठली. "चाचा, मंगळवारी दुपारपर्यंत एकही खोकं उंबऱ्याबाहेर नेऊ नका. शाहनवाज, तूही."

"कळलं का काय?" चाचांनी विचारलं.

"अर्धं कळलं. उरलेलं औंधला आहे."

सोमवारी तिनं रजा टाकली आणि विट्याच्या गाडीत बसली. पुढे गाडी बदलून औंधला पोचायला दुपार झाली. मास्तर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"आज कॉलेजला सुट्टी कसली?" त्यांनी विचारलं.

"मी घेतली. अण्णा, अठ्ठ्याहत्तरची वही द्या."

मास्तरांचा हात शेंगेवर थांबला. "निजामभाईंनी पाठवलंय?"

"नाही. मी मोजायला आलेय. काय मोजायचंय ते आधी सांगणार नाही. नाहीतर तुम्ही तेच वाचाल."

हे त्यांनीच तिला शिकवलेलं होतं. त्यांनी आतून वही आणली. ९ फेब्रुवारी, गुरुवार. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मघाच्या ताऱ्याइतकी तेजस्वी ठिणगी, हलली नाही, नाडीचे अकरा ठोके टिकली आणि विझली. स्थान: मघापासून वायव्येला, हात लांब केला असता दोन करंगळ्यांएवढं अंतर. खाली एक आकृती, आणि तिच्यावर नंतर ओढलेली तिरपी रेघ. समासात, वेगळ्या शाईत: भ्रम.

लांब केलेल्या हाताची एक करंगळी म्हणजे साधारण एक अंश. ज्ञानदानं आपली वही उघडली आणि त्यांच्या वहीशेजारी ठेवली. दोन पूर्णांक एक अंश, वायव्य.

"ही कुठली प्लेट?" मास्तरांनी विचारलं.

"दहाची."

"दहाला तिथे काही नव्हतं. मी बघत होतो."

"तुमच्या दहाला नव्हतं. त्यांच्या दहाला होतं." आणि तिनं त्यांना कॅलेंडरचं पान सांगितलं, मगरिब सांगितली, ग्रहणाची प्लेट सांगितली. भराभर नाही, वर्गात सांगावं तसं, एकेक पायरी. "गुरुवारी दिवस मावळल्यावर चाचीनं पान फाडलं. भिंतीवर दहा आली. रात्री अकराला चाचांनी दहा लिहिली. त्याच वेळी तुम्ही डोंगरावर बसून नऊ लिहिलीत. रात्र एकच होती, अण्णा. तुम्ही त्यांना ज्या दिवशीची प्लेट बघायला सांगितलीत, ती त्यांच्याकडे आदल्या रात्रीची होती."

मास्तरांनी मान वर केली. समोरच्या डोंगरावर देवळाचा कळस उन्हात होता.

"औंध ते सांगली सरळ रेघेत किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ऐंशी किलोमीटर."

"म्हणजे उल्का नाही. विमान नाही. ती दोघांना एकाच जागी दिसली नसती."

"खालून जाणारा उपग्रहही नाही. फार उंचावरचा असू शकतो. ते पुण्याचे लोक तपासतील. आकाशात नक्की काय फुटलं, ते आज मी सांगणार नाही. पण ते आकाशात होतं. चाचांच्या हातात नव्हतं आणि तुमच्या डोळ्यांतही नव्हतं."

मास्तरांनी पेन शोधला. समासातल्या शब्दावर त्यांनी काट मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. मग चष्मा काढला, पुसला, आणि दोऱ्याची गाठ आहे तिथेच आहे का ते चाचपलं.

"सांगलीची पहिली गाडी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी ती दोघं खणभागात पोचली तेव्हा टेम्पो दारात लागला होता. ड्रायव्हर टायरवर पाय ठेवून विडी ओढत होता. शाहनवाजनं खोकी दारापर्यंत आणून ठेवली होती, पण उंबऱ्याच्या आत. सांगितलेलं त्यानं पाळलं होतं.

निजामचाचा खुर्चीवरून उठले. वीस वर्षांत मास्तर या दारात आले नव्हते.

"या मास्तर," ते म्हणाले. "बसा. वीस वर्सं झाली."

"आणि वर आठ दिवस," मास्तर म्हणाले.

"सात."

मास्तरांनी मनात आपली नऊ आणि त्यांची दहा जुळवून पाहिली आणि मग हसायला लागले. इतके, की त्यांना खरंच खाली बसावं लागलं. ज्ञानदानं रविवारी रात्रीच शाहनवाजला गच्चीवर बोलावून अर्धं सांगितलं होतं आणि त्यानं ते बापाला सांगून टाकलं होतं, हे तिला तिथे कळलं.

"आवं, हसताय काय? माझी तारीख बरूबर हुती," चाचा म्हणाले.

"माझीही बरोबर होती."

"व्हय. म्हनून तर भांडान लय दिस टिकलं. एकाचं चुकलं असतं तर म्हैन्यात मिटलं असतं."

"आन् माझं नाव कुनी घेऊ नका," आतून रहिमतबी म्हणाल्या. "मी पान रोजच्याच वक्ताला फाडलं."

मास्तर उठून मेजापाशी गेले. ज्ञानदानं प्लेट लावून ठेवली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा भिंगाला लावला आणि श्वास धरून पाहिलं. खोलीत कुणी हललं नाही. दारातल्या ड्रायव्हरनंही विडी विझवली.

"गोल आहे," मास्तर म्हणाले.

"गोलच हाय," चाचा म्हणाले.

"हीच ती. मी हिला पाहिलंय, निजामभाई. अकरा ठोके." ते भिंगावरून उठले नाहीत. "इतकी स्वच्छ प्लेट मी आयुष्यात पाहिली नाही. आणि मी तुम्हाला ते लिहिलं."

चाचांनी खिशातून रुमाल काढला आणि मेजाची कड पुसली, जिथे धूळ नव्हती तिथे. सत्तरीचा तो हात लहानशा काचेभोवती किती अदबीनं फिरतो, हे ज्ञानदा पाहत राहिली. याच हातांनी गजराच्या घड्याळाच्या चाकांवर, खणभागातल्या एका गच्चीवरून, एक अशी गोष्ट धरून ठेवली होती जी अकरा ठोके जगली. मोठमोठ्या दुर्बिणीवाले जे शोधत होते तसलं काहीतरी इथं होतं, चारशे बारा पाकिटांत, एका खिळ्यावरच्या कॅलेंडरच्या भरवशावर.

"अब्बा," शाहनवाज हळूच म्हणाला, "टेम्पोवाला थांबलाय. काय सांगू?"

चाचांनी खोक्यांकडे पाहिलं. मग मेजाचा खण ओढला, पुण्याचं पत्र काढलं आणि ज्ञानदापुढे ठेवलं. घड्यांवर ते मळलं होतं.

"एक अट हाय," ते तिला म्हणाले. "पाकिटांवरच्या माझ्या तारखा कुनी खोडायच्या न्हाईत. त्यांनी आपली बाजूला लिवावी. दोन्ही राहू देत."

"मी तसं लिहिते."

"पेन हाय?"

तिनं पेनाचं टोपण काढलं. मास्तर भिंगावरून वळले. रहिमतबी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. चाचांनी घसा साफ केला आणि, गिऱ्हाइकाला हसू नका म्हणायच्या आधी ते जसे ताठ उभे राहायचे तसे उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले. "महोदय, प्लेटा देतो. चारशे बारा. तीन तडकल्यात. डागी एकबी न्हाई."